ट्रकचालकाचे तास कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘चालक मिळत नाही म्हणून गाडी उभी आहे’ ही तक्रार हल्ली कळंबोलीच्या स्टील मार्केटपासून नागपूरजवळच्या वाडीपर्यंत जवळजवळ प्रत्येक ट्रान्सपोर्ट ऑफिसात ऐकू येते. तक्रार खरी आहे. मात्र तिच्यामागे नव्या पोरांना मेहनत नको झाली आहे, असे जे कारण सांगितले जाते ते आम्हाला पटत नाही. मालवाहू गाडीवरच्या चालकाला पैसे कशाचे मिळतात आणि कशाचे मिळत नाहीत, हा हिशेब एकदा कागदावर मांडला तर कारण आपोआप दिसते. तो हिशेब वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

आधी महिन्याच्या पगारावर असलेल्या चालकाचे पाहू. समजा दहा चाकी गाडीवर १५,००० रुपये पगार आहे आणि गाडी बाहेर असेल त्या दिवसाचा ३०० रुपये भत्ता. गाडी २६ दिवस चालली तर भत्ता ७,८०० आणि हातात २२,८००. ऐकायला आकडा बरा वाटतो. आता तास मोजा. गाडी चालवणे, माल भरताना-उतरवताना उभे राहणे, ताडपत्री आणि रस्सा, वजनकाटा, कागदपत्रे असे सगळे धरून दिवसाला १४ तास लावले तर महिन्याचे ३६४ तास होतात. तासाला पडतात साधारण ६३ रुपये, आणि त्यातूनच रस्त्यावरचे दोन वेळचे जेवण, चहा, अंघोळीचे आणि संडासाचे पैसे जातात. कायदा आठ तासांचा आहे. २६ दिवसांचे २०८ तास. १५,००० ला २०८ ने भागले की तासाला ७२ रुपये येतात. उरलेले १५६ तास जादा कामाचे, आणि जादा कामाचा दर दुप्पट. ते होतात २२,५०० रुपये. म्हणजे भत्ता बाजूला ठेवून नुसता पगारच ३७,५०० व्हायला हवा. दर महिन्याला बुडणारी ही रक्कम चालकाने कधी मागितलेली नसते, कारण ती मोजलेलीच नसते.

दुसरी पद्धत फेरीची. फेरीला ठोक रक्कम ठरते. डिझेल मालकाच्या पंपावरून किंवा कार्डावर, टोल फास्टॅगवर, आणि बाकीचा खर्च चालकाने त्या ठोक रकमेतून भागवायचा. पंक्चर, काट्याचे पैसे, पार्किंग, उतरवणाऱ्या टोळीची चहापाण्याची मागणी, ताडपत्री बांधायला घेतलेला माणूस, सगळे त्यातच. फेरी सुरळीत झाली तर चार पैसे सुटतात. गोदामाच्या दारात दोन दिवस गेले तर तीच रक्कम दोन दिवस जास्त पुरवावी लागते. रस्त्यात जे जे बिघडते त्याचा पहिला फटका अशा रीतीने गाडीवरच्या सगळ्यात कमी कमाईच्या माणसाला बसतो.

भिवंडी ते नागपूर ही फेरी घ्या. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे, त्यामुळे रस्त्याचा वेळ बराच वाचतो. तरीही फेरी साधारण अशी होते : सकाळी दहाला गाडी गोदामाच्या फाटकावर. चारला भरायला लागते, नऊला भरून होते, बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) आणि ई-वे बिल (जीएसटीसाठी लागणारा मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) हातात पडायला दहा. भरलेल्या गाडीची सरासरी ताशी ५० धरली तर चाके १४ तास फिरतात. मधल्या थांब्यांसह गाडी दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर नागपूरजवळच्या बुटीबोरीला पोहोचते, तेव्हा आजची वेळ संपली, उद्या या, असे सांगितले जाते. तिसऱ्या दिवशी अकराला उतरवणे सुरू, दोनला सही-शिक्क्याची पोच हातात. पहिल्या फाटकापासून पोच मिळेपर्यंत ५२ तास झाले. त्यांतले १४ तास गाडी चालली आणि ३८ तास चालक गाडीजवळ अडकून राहिला. गाडी सोडून जाता येत नाही, कारण डिझेल, बॅटरी, स्टेपनी आणि माल या चारही गोष्टींची जबाबदारी त्याची. केबिनमध्ये झोपावे तर दर अर्ध्या तासाने रांग पुढे सरकते. परतीचे भाडे मिळेपर्यंतचे एक-दोन दिवस यात धरलेलेच नाहीत.

या ३८ तासांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ यात कामाच्या तासांची व्याख्या होती. कामगार मालकाच्या किंवा त्याच्या सेवेवर हक्क असणाऱ्या इतर कोणाच्या दिमतीला असतो तो सगळा वेळ म्हणजे कामाचे तास, असे ती म्हणत होती आणि त्यात गाडी धावण्याचा वेळ, त्याला जोडून येणारी कामे आणि अखेरच्या ठिकाणी १५ मिनिटांपेक्षा कमी काळ नुसते हजर राहणे यांचा समावेश करत होती. १५ मिनिटांहून जास्त थांबल्यास काय, हे वादावर सोडले गेले. एसटीसारख्या ठरल्या वेळापत्रकाच्या प्रवासी वाहतुकीत ही तरतूद समजू शकते. मालवाहतुकीत मात्र सगळे पाणी याच भोकातून वाहून जाते. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी खोळंबल्याचे, पैसे ठरले असले आणि मिळाले, तरी ते माल पाठवणाऱ्याकडून ट्रान्सपोर्टरला आणि तिथून गाडीमालकाला जातात. चालकाच्या हिशेबाच्या कागदावर हॉल्टिंगचा रकानाच नसतो.

बाकी कायदा वाईट नव्हता. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्यासाठी परवानगीने १० आणि ५४. पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ९ तासांची सुटी, आठवड्याला एक दिवस रजा. रात्रीचा मुक्काम पडतो तिथे विश्रांतीची खोली. अडचण ही की हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्याकडे बहुतेक गाड्या एक-दोन, फार तर पाच गाड्यांच्या मालकांच्या आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा रद्द होऊन त्यांत सामावला गेला. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने मोटार वाहतुकीसाठी ही मर्यादा दहा कामगारांवर नेली. संरक्षणाची वर्तुळे वाढायची सोडून आक्रसली.

पण दोन दारे उघडी आहेत आणि ती फार थोड्यांना माहीत आहेत. एक, वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. एका गाडीच्या मालकालाही किमान वेतन द्यावे लागते आणि पगारपत्रकही. दुसरे दार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ९१ चे. मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या ‘कोणत्याही’ व्यक्तीचे कामाचे तास १९६१ च्या कायद्याप्रमाणे असतील, असे ते म्हणते. मालकाकडे किती कामगार आहेत हे विचारत नाही. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने राज्य सरकारला अधिकार दिला आहे की मालकाने चालकाचे तास आधी ठरवावेत आणि त्यांची नोंद ठेवावी, अशी सक्ती करावी. आमच्या पाहण्यात या अधिकाराची चालकाला जाणवेल अशी अंमलबजावणी रस्त्यावर नाही.

नोंद ठेवणे अवघड आहे, हे कारण आता चालणार नाही. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. प्रत्येक टोलनाक्यावर गाडी किती वाजता गेली याची नोंद सेकंदासह होते. ई-वे बिल किती वाजता निघाले, गाडीचा जीपीएस कुठे आणि किती वेळ थांबला, काट्याची पावती किती वाजताची, सगळे संगणकात आहे. वेग जास्त झाला तर कॅमेऱ्यावरून ई-चलन काही तासांत मोबाइलवर येते. गाडीने रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत एकाच चालकावर नाके ओलांडले, हेही त्याच नोंदींवरून कळते. फक्त त्या नोंदी त्या दृष्टीने पाहण्याचे काम कोणाकडे दिलेले नाही. वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवले पाहिजेत, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये म्हटले होते. त्याला बरीच वर्षे झाली.

आता कपातींबद्दल, कारण खरी भांडणे तिथे होतात. पहिली कपात डिझेल ॲव्हरेजची. मालकाने लिटरला ४ किलोमीटर ठरवले, तर ७०० किलोमीटरला १७५ लिटर. प्रत्यक्षात ३.७ पडले तर १८९ लिटर लागतात. १४ लिटरचा फरक, लिटरला ९० रुपये धरले तर १,२६० रुपये, आणि ते चालकाच्या नावावर. ॲव्हरेज का पडते हे मात्र कोणी तपासत नाही. भरलेली गाडी कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढली. रांगेत पुढे सरकताना इंजिन तासन्‌तास चालू राहिले. टायरमध्ये हवा कमी होती. ब्रेक लायनर घासत होते. एअर फिल्टर तुंबला होता. परमिटपेक्षा चार टन जास्त भरले होते. बीएस-६ गाड्यांत युरियाचे द्रावण भेसळीचे निघाले तर इंजिनाची ताकदच उतरते आणि गाडी खालच्या गिअरमध्ये ओढावी लागते. यांतल्या बहुतेक गोष्टी मालकाच्या किंवा माल भरणाऱ्याच्या हातातल्या आहेत. ॲव्हरेज ठरवायचेच असेल तर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे वेगळे, घाटाचे आणि सपाट रस्त्याचे वेगळे, आणि रांगेतल्या प्रत्येक तासाचे डिझेल वेगळे धरून ठरवावे.

दुसरी कपात शॉर्टेजची. धान्य, सिमेंट, कोळसा, सळई यांचे वजन उतरवताना कमी भरले की फरक चालकाकडून वसूल होतो. इथे एक साधी चूक वर्षानुवर्षे चालत आली आहे. भरताना पूर्ण गाडीचे वजन झाले तेव्हा टाकीत डिझेल होते. पोहोचेपर्यंत १७५ लिटर जळले. लिटरला साधारण ८३० ग्रॅम धरले तर हे १४५ किलो झाले. उतरवण्याच्या जागी फक्त भरलेल्या गाडीचे वजन करून पहिल्या काट्याशी ताडले, तर हे १४५ किलो डिझेल माल म्हणून कमी दिसते. पावसात भिजलेली ताडपत्री आणि चाकांना लागलेला चिखल वजन उलट्या दिशेने ढकलतात. बरोबर पद्धत एकच आहे : उतरवण्याच्या ठिकाणी त्याच काट्यावर आधी भरलेली आणि लगेच रिकामी गाडी तोलायची, फरक म्हणजे माल. धान्यात ओलावा उडून जाण्याची सूट बिल्टीवर आधीच लिहायची. सील शाबूत असलेल्या कंटेनरमधल्या कमी मालाशी चालकाचा काही संबंध नाही. शिवाय कामगाराला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नुकसानीपोटी पगार कापता येत नाही, हे जुन्या वेतन कायद्यात होते आणि नव्या वेतन संहितेतही आहे. प्रत्यक्षात कपात आधी होते आणि चालकाला ती हिशेबाच्या दिवशी कळते.

ओव्हरलोडचेही तेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. चार टन जास्त असतील तर २८,०००. किती भरायचे हे चालक ठरवत नाही. पण काट्यावर गाडी अडली की गाडीत तोच असतो आणि फोन उचलणारे कोणी नसते.

पूर्वी गाडीवर दोन माणसे असत. क्लीनर टायर ठोकून पाही, ग्रीस भरी, रस्सा आवळी, मागे घेताना हात दाखवी आणि रात्री चालकाला बोलत ठेवी. दोन-तीन वर्षे शेजारी बसून तो गाडी शिके. पुढचा चालक तिथूनच तयार होई. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची केंद्राची अट २०१८ मध्ये गेली. क्लीनर तर त्याआधीपासूनच कमी होत होते. क्लीनरचा पगार वाचवताना धंद्याने आपली शाळा बंद केली, आणि आता तोच धंदा चालक मिळत नाहीत म्हणतो. एकट्या माणसाने रात्री गाडी हाकायची, सकाळी साडेबारा फुटांवर चढून ताडपत्री सोडायची, आणि दुपारी तापलेल्या पत्र्याखाली झोपायचे. २०२५ पासून नव्या गाड्यांच्या केबिनला एसीची सक्ती आली, ते चांगलेच झाले. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना तो नियम नाही, आणि त्या अजून पुष्कळ वर्षे धावणार आहेत.

चालकाचा मृत्यू झाला तर काय होते, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. कामावर असताना मृत्यू आला तर भरपाईचे सूत्र आहे : महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो, ही मर्यादा २०२० पासूनची आहे. ३५ व्या वर्षी तो आकडा १९७.०६. म्हणजे पगार १५,००० सिद्ध झाला तर १४,७७,९५० रुपये. पगाराचा कागदच नाही आणि ८,००० एवढाच मान्य झाला, तर ७,८८,२४०. एका पगारपत्रकाअभावी कुटुंबाचे सहा लाख नव्वद हजार जातात. रोख पगार आणि डायरीतला हिशेब यांची ही किंमत आहे. गाडीच्या विमा पॉलिसीत स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाच्या अपघात विम्याची नोंद असते. पगारी चालकाची जबाबदारी घेतल्याची नोंद वेगळी असते आणि तिचा हप्ता फारच थोडा असतो. ती नोंद आहे की नाही हे गाडी हातात घेण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

एवढे सगळे असूनही चालक एकत्र का येत नाहीत, हा प्रश्न चालकांनाच विचारला जातो. आमचे म्हणणे असे की ते येतात, पण चुकीच्या टेबलाशी. जानेवारी २०२४ आठवा. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये ठेवलेल्या दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेविरुद्ध १ आणि २ जानेवारीला चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळच्या पानेवाडीला टँकर थांबले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत केंद्रीय गृहसचिवांना चर्चेला बसावे लागले आणि पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम वगळले गेले. इतकी ताकद चालकांची होती. पण चर्चेला समोर बसली ती ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस, म्हणजे वाहतूकदारांची संघटना. एक कलम थांबले. तास, पगार, हॉल्टिंग, संडास यांतला एकही शब्द त्या टेबलावर गेला नाही, कारण ते मांडणारा तिथे नव्हता.

जुलै २०१८ चा आठ दिवसांचा बंद पाहा. मागण्या डिझेलचे दर, टोल, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आणि भाड्यातून होणारी करकपात (टीडीएस) यांच्या होत्या. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध बंद पुकारला. त्या मागण्यांत अवजड गाडीवर क्लीनर ठेवण्याची सक्ती काढून टाका, अशीही एक मागणी होती. मालकाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. छोट्या मालकाचीही ओढाताण मोठी आहे : हप्ता, एकेक टायर वीस हजारांच्या पुढे, दलालाची दलाली आणि पोच दिल्यावर महिना-दोन महिन्यांनी मिळणारे बाकी भाडे. त्याला आम्ही शत्रू मानत नाही. भाडेवाढ, हॉल्टिंग आणि बाकी वेळेवर मिळणे यांत मालक आणि चालकांचे हित एक आहे, आणि तिथे दोघांनी मिळून कारखानदाराकडे जावे. क्लीनर, दुसरा चालक, तास आणि कपाती यांत ते एक नाही. तिथे चालकांचा स्वतःचा आवाज हवा, स्वतःची पावती आणि स्वतःचा हिशेब हवा.

एकी न होण्याची कारणे ठाऊक आहेत. बीडचा, जौनपूरचा आणि नामक्कलचा चालक एका ढाब्यावर तासभर भेटतो आणि पुन्हा भेटत नाही. लग्नाला किंवा दवाखान्याला घेतलेली उचल मालकाकडे बाकी असते. कित्येक ठिकाणी लायसन्सही मालकाच्या कपाटात असते. अनेकांच्या मनात उद्या आपलीही गाडी होईल असे असते, आणि त्यात गैर काही नाही. चालकांचे व्हॉट्सॲप गट भरपूर आहेत. अपघात झाला तर वर्गणी जमते, मृतदेह गावी पोहोचवला जातो. ही माणुसकी मोठी आहे. पण वर्गणीपुढे जाऊन एक मोजता येणारी मागणी धरून ठेवणे अजून जमलेले नाही. काचेवर स्टिकर लावून, वर्षाची वर्गणी घेऊन ‘अखिल’ नावाने निघणाऱ्या संघटनांनी तर विश्वासच घालवला आहे.

म्हणून सुरुवात राज्यापासून नको, फाटकापासून व्हावी. पानेवाडीचे टँकर दोन दिवसांत थांबू शकले, कारण ते रोज एकाच दारातून भरून निघतात आणि चालक एकमेकांना तोंडाने ओळखतात. न्हावा-शेव्याचे ट्रेलर, चंद्रपूरकडचे सिमेंट आणि कोळसा, वाशीचा बाजार, चाकणचे कारखाने, ही सगळी अशीच फाटके आहेत. माथाडी कामगारांनी हेच केले. अण्णासाहेब पाटलांनी बाजाराबाजारातल्या टोळ्या बांधल्या आणि त्यातून १९६९ चा कायदा आला. आज त्याच गाडीत पोते चढवणाऱ्या माथाड्याची मजुरी मंडळामार्फत मिळते, मालक मजुरीवर लेव्ही (जादा आकार) भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळतो. आणि पोते घेऊन जाणाऱ्या चालकाला यांतले काहीच नाही. पोते तेच, गाडी तीच. रिक्षा आणि मीटर टॅक्सी चालकांसाठी राज्याने कल्याणकारी मंडळ केले, त्यातही मालट्रकचा चालक नाही. केरळमध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९८५ पासून आहे.

एका फाटकावर मागणी एकच ठेवावी : गाडी रांगेत लागताच वेळ घातलेली पावती आणि बाहेर पडताना दुसरी. सहा तासांनंतर प्रत्येक तासाचे हॉल्टिंग, आणि त्यातला निम्मा हिस्सा थेट चालकाच्या खात्यावर. दारातच संडास, पाणी आणि झोपायला पंखा असलेली खोली. सार्वजनिक तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाची विश्रांतीगृहे काढली आहेत; तीच सोय जिथे चालक खरोखर दिवस घालवतो तिथे, म्हणजे कारखान्याच्या आणि गोदामाच्या दारात, हवी. संघटना नोंदवायला एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. शंभर चालक कोणत्याही मोठ्या फाटकावर एका दिवसात भेटतात.

सरकारकडे आमचे मागणे दोन गोष्टींचे आहे. कलम ९१ खालचा अधिकार वापरून फास्टॅगच्या नोंदींवरून तास तपासावेत. सुरुवात समृद्धी महामार्गापासून करावी, कारण तिथे आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ दोन्ही नोंदल्या जातात. आणि मालट्रक चालकांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर मंडळ करावे. पैसा कुठून, असे विचारले जाईल. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यापासून बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. मालवाहतुकीत प्रत्येक ई-वे बिल हीच एक तयार पावती आहे. दर बिलामागे दहा रुपये माल पाठवणाऱ्याकडून घेतले तरी निधी उभा राहील, आणि तो छोट्या मालकाच्या खिशातून जाणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येक चालकाने फेरीवही ठेवावी. तारीख, गाडी क्रमांक, बिल्टी क्रमांक. फाटकावर लागल्याची, भरून निघाल्याची, पोहोचल्याची आणि पोच मिळाल्याची अशा चार वेळा. निघतानाचे आणि पोहोचल्यावरचे किलोमीटर. डिझेलचे लिटर आणि पंप. दोन्ही काट्यांच्या पावत्यांचे फोटो. घेतलेली रोख आणि झालेला खर्च. फेरी संपली की त्या पानाचा फोटो त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा. मालकाने उत्तर दिले नाही तरी तारीख आणि वेळ राहते. पगार थोडा का होईना, बँकेत घ्यावा. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवावे, बँकेतून वर्षाला २० रुपयांचा दोन लाखांचा अपघात विमा चालू ठेवावा, आणि आरसी, विमा पॉलिसी आणि स्वतःच्या लायसन्सचे फोटो घरच्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवावेत. दावा दाखल करायची वेळ आली तर वकील सगळ्यात आधी हेच कागद मागतो, आणि त्या वेळी ते गाडीच्या डिकीत किंवा मालकाच्या कपाटात असून उपयोग नसतो.

आपले,
मालवाहू गाड्यांवर आणि ट्रान्सपोर्ट ऑफिसांत काम करणारे काही वाचक,
कळंबोली आणि भिवंडी